काळवंडलेला दात आणि लेझरचा दिवा : एका दाव्याची तपासणी

आमच्या शाळेतल्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याचा पुढचा दात राखाडी पडला होता. सातवीत असताना हातपंपाचा दांडा उसळून त्याच्या तोंडावर बसला. ओठ फाटला, टाके पडले. दात मात्र जागचा हलला नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. पुढे वर्षभरात तो आधी पिवळा, मग तपकिरी आणि शेवटी पाटीच्या रंगाचा झाला. मुलगा हसताना वरचा ओठ खाली ओढून धरी आणि उत्तर येत असले तरी वर्गात हात वर करीत नसे. दाताचे रूट कॅनाल झाले तेव्हा ठणका थांबला, रंग तसाच राहिला.

गेल्या वर्षी त्याचे वडील एक रंगीत माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आले. पत्रक शहरातल्या एका दवाखान्याचे होते. तिथे त्यांना दोन दर सांगितले होते. साध्या औषधाने तीन-चार खेपांत काम होईल. लेझरने एकाच बैठकीत होईल, पण पैसे सुमारे चौपट पडतील. "सर, लेझर म्हणजे खात्रीचं ना?" एवढेच त्यांना विचारायचे होते. तूर विकून आलेले पैसे या कामासाठी बाजूला ठेवले आहेत, असेही त्यांनी जाता जाता सांगितले.

मी दंतवैद्य नाही, रसायनशास्त्र शिकवतो. पण पत्रकात जे लिहिले होते ते बहुतेक रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्रच होते. त्याचा सारांश असा : पेरॉक्साइड एरवी सुस्त असते, लेझरचा प्रकाश त्याला जागे करतो, हा प्रकाश दातात खोलवर शिरून डाग फोडतो, आणि दात मृत असल्यामुळे उष्णतेची भीती नाही. ही तीन विधाने शब्दांच्या थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी छापलेली आढळतात, तेव्हा पत्रक कोणाचे याला महत्त्व नाही. प्रत्येक विधानात थोडे थोडे खरे आहे, आणि त्यामुळेच त्यांची तपासणी करणे अवघड जाते.

आधी दात काळा का पडतो ते पाहू. दाताच्या पोकळीत मऊ गर असतो. त्यातल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू मुळाच्या टोकाच्या अगदी बारीक छिद्रातून आत येतात. जबर मार बसला की वाहिन्या त्या छिद्राशीच तुटतात आणि आत रक्तस्राव होतो. तांबड्या पेशी फुटून हीमोग्लोबिन बाहेर पडते, त्याच्या विघटनातून लोह सुटे होते. गर कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार झाला तर लोहाचे काळे सल्फाइड बनते, अशी पाठ्यपुस्तकांतली नेहमीची उपपत्ती आहे. हे रंगीत पदार्थ गराभोवतीच्या डेंटिनमध्ये शिरतात. डेंटिन भरीव दिसले तरी त्यात गराकडून बाहेरच्या बाजूला जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. गराजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या ४० हजारांच्या वर जाते. बाहेरचे एनॅमल मात्र जवळजवळ पूर्ण खनिज आणि अर्धपारदर्शक. म्हणजे डाग काचेवर नाही, काचेमागच्या पडद्यावर आहे. काच कितीही घासली तरी पडदा स्वच्छ होत नाही, म्हणून अशा दातावर दंतमंजनाचा उपयोग नसतो.

औषध आतून लावायचे ही कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी क्लोरीन देणारे विरंजक चूर्ण वापरीत. पुढे पेरॉक्साइड आले. १९६१ साली स्पासर याने सोडियम परबोरेट पाण्यात कालवून त्याचा लगदा दाताच्या रिकाम्या पोकळीत भरण्याची पद्धत सुचवली. वरून तात्पुरती लांबी भरायची, रुग्णाला घरी पाठवायचे आणि काही दिवसांनी लगदा बदलायचा. १९६३ मध्ये नटिंग आणि पो यांनी पाण्याच्या जागी ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घातले. इंग्रजीत या पद्धतीला 'वॉकिंग ब्लीच' म्हणतात, कारण रुग्ण हिंडतफिरत असताना आत काम चालू असते.

परबोरेटचे रसायनशास्त्र वर्गात सांगण्याजोगे आहे. ही पांढरी भुकटी कोरडी असताना टिकते. पाणी लागले की तिच्यातून हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते. १९०७ साली जर्मनीत 'पर्सिल' नावाची कपडे धुण्याची पावडर आली. तिचे नावच परबोरेट आणि सिलिकेट या दोन शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून पडले आहे. तेव्हा मृत दाताच्या पोकळीत चालते ती एका अर्थी धुलाईच. पेरॉक्साइडपासून बनणारी क्रियाशील रूपे रंगीत रेणूंमधले दुहेरी बंध तोडतात, मोठ्या रेणूंचे लहान तुकडे होतात आणि ते दृश्य प्रकाश शोषेनासे होतात. चांदी किंवा पाऱ्याच्या भरणातून डेंटिनमध्ये उतरलेल्या धातूच्या डागावर मात्र या धुलाईचा फारसा परिणाम होत नाही, आणि हे दोन्ही बाजूंची पत्रके सांगायला विसरतात.

यात दिवा कुठून आला? तोही अलीकडचा नाही. १९१८ साली अ‍ॅबट याने तीव्र पेरॉक्साइडवर प्रखर दिव्याचा झोत टाकण्याची पद्धत वर्णन केली. पुढची अनेक वर्षे पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस दाताच्या पोकळीत ठेवून त्याला तापवलेल्या हत्याराने किंवा दिव्याने ऊब देत. त्या काळचे लोक याला औष्णिक पद्धत म्हणत, म्हणजे दिवा उष्णतेसाठी आहे हे त्यांना ठाऊक होते आणि ते तसे सांगतही. पुढे दिव्याची जात बदलली : हॅलोजन आला, प्लाझ्मा आर्क आला, आर्गॉन लेझर आणि कार्बन डायऑक्साइड लेझर आले, मग निळे एलईडी आणि डायोड लेझर. दिव्याबरोबर वर्णनाची भाषाही बदलली. 'तापवणे' हा शब्द मागे पडून त्याच्या जागी 'सक्रिय करणे' आला. माझ्या मते सगळा घोळ या शब्दबदलात आहे.

प्रकाश-रसायनशास्त्राचा पहिला नियम ग्रोटहस आणि ड्रेपर यांच्या नावाने ओळखला जातो. जो प्रकाश पदार्थ शोषून घेतो तोच त्यात रासायनिक बदल घडवू शकतो. आरपार निघून जाणारा प्रकाश काहीही करीत नाही. याचे उदाहरण आपल्या प्रत्येक घरात आहे. हळदीचा डाग साबणाने जात नाही, पण तो कपडा दोन दिवस उन्हात वाळत घातला की फिका होतो. हळदीतले कर्क्युमिन निळा आणि जांभळा प्रकाश शोषते (म्हणून तर ते पिवळे दिसते) आणि शोषलेल्या ऊर्जेने स्वतःच मोडते. त्या शेजारी वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर तेच ऊन पडत असते, त्याला शोषणारे तिथे कोणी नसते.

आता हायड्रोजन पेरॉक्साइड पाहा. ते पाण्यासारखे रंगहीन आहे, आणि दृश्य प्रकाश ते शोषत नाही हे त्यावरूनच कळते. त्याचे शोषण अतिनील भागात, साधारण ३०० नॅनोमीटरच्या खाली, जाणवण्याइतके होते. तसा प्रकाश कोणी तोंडात सोडत नाही आणि सोडूही नये. दवाखान्यातला निळा दिवा ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा, आर्गॉन लेझरचा प्रकाश ४८८ नॅनोमीटरचा. पेरॉक्साइडच्या रेणूतला दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध तोडायला मोलमागे सुमारे २१० किलोज्यूल लागतात. विद्यार्थ्यांना हिशेब करायला द्यावा : १,१९,६०० ला तरंगलांबीच्या नॅनोमीटरने भागले की फोटॉनांच्या एका मोलची ऊर्जा किलोज्यूलमध्ये मिळते. ४८८ साठी उत्तर येते २४५. म्हणजे ऊर्जा पुरेशी आहे, तरी उपयोग नाही, कारण रेणू ती घेतच नाही. खिशात तिकिटापुरते पैसे असून खिडकी बंद असावी, तसे.

आज अनेक दवाखान्यांत दिसणारे डायोड लेझर ८१० किंवा ९८० नॅनोमीटरचे असतात. त्यांचे उत्तर १४८ आणि १२२ येते. इथे खिशात पैसेही पुरेसे नाहीत. आणि कार्बन डायऑक्साइड लेझर १०,६०० नॅनोमीटरचा : उत्तर अवघे ११. हा प्रकाश पाणी अधाशासारखे शोषते, इतके की पाण्याच्या थरात तो केसाच्या जाडीएवढाही आत जात नाही. याच लेझरबद्दल एकेकाळी तो खोलवर काम करतो असे सांगितले जाई. बाहेरून लावलेल्या जेलचा वरचा पापुद्रा तो तापवतो, एवढेच त्याला शक्य आहे.

'प्रकाशाने काही होत नाही' असे मी म्हणतो आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. दंतवैद्याच्या हातातला तोच निळा दिवा पांढरी लांबी काही सेकंदांत दगडासारखी घट्ट करतो. कारण त्या लांबीत कॅम्फरक्विनोन नावाचा पिवळसर पदार्थ मुद्दाम घातलेला असतो आणि तो नेमका ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो. विरंजनाच्या जेल बनवणाऱ्यांनीही हे ओळखले. म्हणून काही जेल रंगीत असतात : हिरव्या ५३२ नॅनोमीटरच्या लेझरसाठी तांबडा रंग, निळ्या दिव्यासाठी नारिंगी. आता प्रकाश शोषला जातो खरा, पण तो शोषतो रंग, आणि त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन जेलमध्ये उतरते. काही संशोधकांच्या मते रंगद्रव्यामुळे उष्णतेखेरीज थोडी मुक्त मूलकेही तयार होत असावीत. शक्य आहे. पण मग ते सिद्ध करण्याचा मार्ग एकच : तेच जेल, तेवढाच वेळ, तेवढ्याच तापमानाला, एकदा दिव्याखाली आणि एकदा अंधारात.

इथे आपण पुराव्याकडे येतो. पत्रकावर 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे होती आणि दुसऱ्यातला दात खरोखरच उजळ होता. मला त्या छायाचित्रांच्या खरेपणाबद्दल शंका नाही. शंका तुलनेबद्दल आहे. दिव्याचे श्रेय ठरवायचे तर 'आधी'शी तुलना करून चालत नाही. दिवा न लावता तेच औषध दिलेल्या दाताशी करावी लागते. झाडाला खत घातले आणि ते वाढले, एवढ्यावरून आपण सहावीच्या मुलालाही खताचा निष्कर्ष काढू देत नाही, शेजारची बिनखताची कुंडी कुठे आहे असे विचारतो.

शिवाय या छायाचित्रांत एक गंमत असते. उपचार करताना दाताभोवती रबराचा पडदा लावतात, तोंड अर्धा-पाऊण तास उघडे राहते, वरून दिव्याची ऊब. दात कोरडा पडतो. कोरड्या एनॅमलमधील सूक्ष्म पोकळ्यांत पाण्याऐवजी हवा भरते, प्रकाश जास्त विखुरतो आणि दात पांढरा दिसतो. ओली पाटी काळीभोर आणि वाळलेली पाटी राखाडी दिसते, त्यातलाच हा प्रकार. लाळेत पुन्हा भिजला की यातला बराच पांढरेपणा निघून जातो. खुर्चीवरून उठताच काढलेले छायाचित्र म्हणून सर्वांत आकर्षक आणि सर्वांत कमी विश्वासार्ह असते.

अशा चाचण्या झाल्या आहेत का? झाल्या आहेत. १९८२ साली फ्रेशिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या दातांना रक्ताने कृत्रिम डाग पाडून औष्णिक पद्धत, वॉकिंग ब्लीच आणि दोन्हींचा मिलाफ यांची तुलना केली. रंगात फरक आढळला नाही. वॉकिंग ब्लीचला खुर्चीवरचा वेळ मात्र कमी लागला. २००७ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी अशाच रक्ताने डागाळलेल्या दातांवर एलईडी, हॅलोजन दिवा आणि वॉकिंग ब्लीच यांची तुलना प्रसिद्ध केली. तिन्हींनी दात उजळले आणि जवळपास सारखेच उजळले. जिवंत दातांवर बाहेरून करण्याच्या विरंजनाबद्दल तर २०१२ आणि २०१८ मध्ये अनेक चाचण्यांचे एकत्रित आढावे निघाले. तीव्र पेरॉक्साइड वापरले असता दिव्याने रंगात भर पडत नाही, असा दोन्हींचा निष्कर्ष आहे. सौम्य पेरॉक्साइडबरोबर दिव्याचा तात्कालिक फायदा दिसतो, असे २०१२ च्या आढाव्याने नोंदवले, तेही इथे सांगितले पाहिजे.

पण दिव्याच्या टीकाकारांनाही दोन शब्द सुनावायला हवेत. जिवंत दातांचे निष्कर्ष उचलून ते मृत दाताला लावतात, तेव्हा डाग कुठे आहे आणि औषध कोणत्या बाजूने जाते हा मूळ फरकच ते विसरतात. आणि प्रयोगशाळेतला रक्ताचा डाग काही दिवसांचा असतो. आमच्या विद्यार्थ्याचा चार वर्षांचा होता. ताजा डाग कशानेही जातो, त्यामुळे अशा चाचणीत सगळ्याच पद्धती सारख्या ठरण्याचा संभव वाढतो. मृत दात असलेल्या रुग्णांमध्ये दिवा आणि बिनदिवा अशी सरळ तुलना करणाऱ्या, पुरेशा मोठ्या आणि काही वर्षे पाठपुरावा केलेल्या चाचण्यांची उणीव आहे. म्हणजे 'दिव्याचा उपयोग नाही हे सिद्ध झाले आहे' असे म्हणणेही थोडे पुढे जाणे होईल. उपयोग आहे हे दाखवण्याची जबाबदारी चौपट पैसे मागणाऱ्याची आहे आणि ती त्याने पार पाडलेली नाही, इतके म्हणता येते.

पत्रकात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचाही हवाला होता. १९९६ साली त्या खात्याने आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड लेझरना दात उजळण्यासाठी बाजारात येऊ दिले हे खरे. पण उपकरणांना मिळणाऱ्या अशा परवानगीसाठी ते आधीच बाजारात असलेल्या उपकरणाशी तुल्य आहे एवढे दाखवणे पुरते. जुन्या पद्धतीपेक्षा सरस आहे असे दाखवावे लागत नाही. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या विज्ञानविषयक समितीने लेझर विरंजनाबद्दल सावध भूमिका घेतली, आणि कार्बन डायऑक्साइड लेझरची शिफारस करण्याजोगा पुरावा नाही असे म्हटले. पत्रकाने पहिले साल दिले होते, दुसरे दिले नव्हते.

उष्णतेने विरंजनाचा वेग वाढतो, हे पहिल्या विधानातले खरे आहे. मग निकालात फरक का पडत नाही? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, असे आपण शिकवतो. समजा दिव्याने औषध १० अंशांनी तापले आणि दिवा २० मिनिटे लावला. त्या २० मिनिटांत ४० मिनिटांचे काम झाले. कमाई २० मिनिटांची. आता पोकळीत भरलेला लगदा पाच दिवस तसाच राहतो. पाच दिवस म्हणजे ७,२०० मिनिटे. लगद्याचा जोर दिवसागणिक कमी होत जातो हे जमेस धरले तरी या दोन आकड्यांची बरोबरी होत नाही. खेरीज खोळंबा क्रियेत नसून वाटेत आहे : पेरॉक्साइडचे रेणू डेंटिनच्या बारीक नळ्यांतून विसरणाने पुढे सरकतात आणि विसरणाला वेळ लागतो. लोणच्याची फोड मुरायला लागतो तसा. 'एकाच बैठकीत' हा लेझरचा म्हणून सांगितलेला गुण खरे तर घाईचा आहे, आणि मृत दाताला घाई नसते.

आता तिसरे विधान, माझ्या मते सर्वांत धोक्याचे. गर नसलेल्या दाताला ठणका लागत नाही, म्हणून तो तापवायला हरकत नाही. जिवंत दाताच्या बाबतीत गराला इजा होईल म्हणून दंतवैद्य जपून तापवतात. मृत दातात ते कारण उरत नाही. पण मृत असतो तो फक्त आतला गर. मुळाच्या बाहेरचा सांधणारा पडदा, त्याच्या पेशी, भोवतालचे हाड हे सगळे जिवंत असते, आणि दात जागेवर राहतो तो त्यांच्या जोरावर. १९८३ मध्ये एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी सशांवरील प्रयोगांत दाखवले की ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट टिकले तरी हाडाला इजा होते. शरीराच्या तापमानापेक्षा ते अवघे १० अंश जास्त. ठणका नाही म्हणजे दुखवणाऱ्याला थांबवणारे कोणी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१९७९ साली हॅरिंग्टन आणि नॅटकिन यांनी सात दातांची हकिकत प्रसिद्ध केली. विरंजनानंतर काही वर्षांनी त्या दातांचे मूळ हिरडीजवळ बाहेरून झिजू लागले होते. शरीराच्याच पेशी मुळाचा पदार्थ खाऊन टाकत होत्या. हा प्रकार दुखत नाही, बाहेरून दिसत नाही आणि क्ष-किरण छायाचित्रात कळतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. कारण काय असावे? सुमारे १० टक्के दातांमध्ये एनॅमल आणि मुळाचे आवरण एकमेकांना भिडत नाही, मध्ये उघड्या डेंटिनची फट राहते. आतले तीव्र पेरॉक्साइड नळ्यांमधून त्या फटीपर्यंत पोहोचते. उष्णता त्याला हात देते. १९९७ मध्ये डालस्ट्रॉम, हीथर्से आणि ब्रिजेस यांनी औष्णिक पद्धतीत हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात हे दाखवले. जी मूलके डाग फोडतात तीच मुळाबाहेरच्या पेशींनाही फोडू शकतात. 'जास्त सक्रिय' हे दरवेळी चांगले नसते ते असे.

धोका किती? १९८८ मधल्या एका पाहणीत ५८ विरंजित दातांपैकी चारांत अशी झीज आढळली, म्हणजे सुमारे ७ टक्के. हीथर्से आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या पाहणीत २०४ पैकी चारांत, म्हणजे सुमारे २ टक्के, आणि ते चारही दात मार लागलेले होते. दोन्हीकडे आकडा चारच आहे हे लक्षात घ्यावे. इतक्या लहान संख्येवर टक्केवारीचा डोलारा उभारू नये. उष्णता न वापरता, नुसते तीव्र पेरॉक्साइड वापरूनही अशा घटना घडल्या आहेत, त्यामुळे सगळा दोष दिव्यावर टाकणेही बरोबर नाही. म्हणूनच पुढे अनेकांनी स्पासरच्या पाण्याकडे परत जावे असे म्हटले : परबोरेट पाण्यातच कालवावे, पोकळीच्या तळाशी दोन मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा बांध घालावा आणि ऊब देऊ नये. परबोरेटही निष्कलंक नाही. बोरॉनच्या या संयुगांना युरोपीय संघाने प्रजननाला अपायकारक पदार्थांच्या वर्गात घातले, त्यामुळे २०१० नंतर तिथले दंतवैद्य त्याऐवजी कार्बामाइड पेरॉक्साइडसारखे पदार्थ वापरू लागले.

हा सगळा विषय वर्गात आणायचा असेल तर दाताची गरज नाही. चहाच्या कोऱ्या काढ्यात भिजवून वाळवलेल्या पांढऱ्या सुती कापडाचे सारखे तुकडे घ्यावेत. औषधाच्या दुकानात मिळणारे पेरॉक्साइड पाणी घालून ३ टक्क्यांवर आणावे (हे काम शिक्षकांनी हातमोजे घालून करावे) आणि तीन बशांत सारखे ओतावे. पहिली बशी दिव्याखाली उघडी ठेवावी. दुसरी त्याच दिव्याखाली, पण अॅल्युमिनियमच्या कागदाने झाकून. तिच्यात तापमापी ठेवून ती पहिलीइतकीच तापेल अशी मांडणी करावी. तिसरी सावलीत. मुले बहुधा दोनच बशा मांडतात, आणि दिव्याखालची लवकर उजळली की प्रकाशाला श्रेय देऊन मोकळी होतात. मधली बशी का हवी हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. त्याच मांडणीत चहाऐवजी हळदीने रंगवलेले कापड घेऊन पाहावे. चौथी बशी नुसत्या पाण्याची ठेवावी आणि दिव्याऐवजी ऊन वापरावे. दोन डागांची वागणूक वेगळी का, यावर एक तास सहज जातो.

विद्यार्थ्याच्या वडिलांना मी यातले थोडेच सांगितले. दवाखान्यात जाऊन काय विचारायचे ते कागदावर लिहून दिले : आत बांध घालणार का, ऊब देणार का, औषध पाण्यात कालवणार की पेरॉक्साइडमध्ये, आणि वर्षाने क्ष-किरण छायाचित्र काढणार का. त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे साधी पद्धत निवडली. लगदा तीन वेळा बदलावा लागला. पहिल्या खेपेनंतर फरक दिसला नाही म्हणून वडील नाराज होते. दुसरीनंतर मुलगा स्वतःच आरशाशी रेंगाळू लागला. आज तो दात शेजारच्या दातापेक्षा किंचित पिवळसर आहे. थोडा रंग पुढे परत येण्याची शक्यता असते, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले आहे. शेवटच्या खेपेनंतर आठवडाभर थांबून त्यांनी पोकळी पांढऱ्या लांबीने बंद केली, कारण दातात उरलेला ऑक्सिजन लांबीला नीट घट्ट होऊ देत नाही. लांबी भरल्यावर त्यांनी निळा दिवा काढला. तेव्हा मुलाने विचारले, हा कशाला? डॉक्टर म्हणाले, ही लांबी वाळवायला. तो मला हे सांगायला मधल्या सुट्टीत आला होता, आणि कॅम्फरक्विनोनची तरंगलांबी त्याच्या लक्षात होती.